कॉट बेसिसवरच्या ओळी

वाळूजच्या बजाजनगरात कॉट थंड पडत नाही. नाइट शिफ्ट करून आलेला गडी सकाळी आडवा होतो तेव्हा फर्स्ट शिफ्टला गेलेल्याच्या पाठीची ऊब गादीत शिल्लक असते, आणि तो डोळे चोळत उठेपर्यंत फर्स्टवाला दारात बूट काढत असतो. १९८५च्या नोव्हेंबरात राष्ट्रपती झैलसिंग यांच्या हस्ते वाळूजला बजाज ऑटोच्या कारखान्याचं उद्घाटन झालं. त्याच्यामागून सुटे भाग करणारे कारखाने आले, त्यांच्यामागून बीड, जालना, परभणीची पोरं आली, आणि सगळ्यांच्या मागून, जरा दमाने, खोल्या आल्या. त्या पुरणार नव्हत्याच. मग घरमालकांनी हिशेब मांडला: माणूस चोवीस तासांत झोपतो आठच तास, उरलेले सोळा तास कॉटने काय करायचं? एका खोलीत चार कॉट, दहा भाडेकरू. झोपेची तक्रार मात्र कुणाचीच नाही, कारण तक्रार करण्याइतका जागा असलेला माणूस त्या वेळी कंपनीत असतो.

शिकाऊ असताना मीही अशाच एका कॉटचा तिसरा हिस्सेदार होतो. पुढे कंपनी सुटली, मोबाइलची अ‍ॅपं करायला लागलो. अँड्रॉइडमधली यादी आतून कशी चालते ते वाचताना मी पानापानाला मान डोलावत होतो. हे तर आमच्या खोलीचं वर्णन होतं.

यादीत नावं पाचशे असोत की पाच हजार, पडद्यावर एका वेळी मावतात आठ-दहा. म्हणून फोन ओळीही तेवढ्याच करतो, वर दोन-चार जादा. वरची ओळ पडद्याबाहेर गेली की तिच्यावरचं नाव बदलून तीच ओळ खालून परत आत सोडतो. बोट फिरवणाऱ्याला वाटतं, केवढी लांबलचक यादी चाललीय! प्रत्यक्षात त्याच बारा ओळी गोल फिरत असतात. ओळ म्हणजे कॉट आणि नाव म्हणजे भाडेकरू. गूगलच्या मंडळींना हे घरभाडं न भरता सुचलं, याचं मला कौतुक आहे.

यात चिक्कूपणा आहे, पण उगाच नाही. २००८ साली अँड्रॉइडचा पहिला फोन आला, एचटीसी ड्रीम, त्याची रॅम होती १९२ एमबी. आज एवढ्यात सकाळचे गुड मॉर्निंगसुद्धा मावणार नाहीत. नवी ओळ करायची म्हणजे तिचा आराखडा वाचा, अक्षरांची जागा, चित्राची जागा, चौकट असं एकेक उभं करा, मापं घ्या, बसवा. एवढ्याला वेळ किती? तेव्हाचा पडदा सेकंदाला साठदा नव्याने रंगायचा, म्हणजे एका खेपेला सोळा मिलिसेकंद आणि वर चिल्लर. तेवढ्यात उरकलं नाही की यादी अडखळते. म्हणून यादी दाखवणाऱ्या तेव्हाच्या लिस्टव्ह्यूने पहिल्यापासून प्रोग्रामरच्या हातात वापरलेली ओळ ठेवली आणि बजावलं, हिच्यावरच लिही. आयफोनवाल्यांचीही तीच रीत. २०१० साली गूगलच्या वार्षिक मेळाव्यात रोमँ गी आणि अ‍ॅडम पॉवेल या दोघांनी नुसत्या यादीवर एक अख्खं व्याख्यान दिलं. २०१४ साली त्याच कामासाठी रिसायकलरव्ह्यू आला आणि ओळ घडवणं वेगळं, ओळ भरणं वेगळं, अशी कामाची रीतसर वाटणी झाली. एवढं सगळं होऊनही माणसं अभ्रा बदलायला विसरतातच.

आमच्या गणेश मंडळात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेला एक कार्यकर्ता आहे. पोरगा हुशार, आणि खजिनदार काकांची वही यंदा बंद पाडायचीच असा त्याने विडा उचललेला. त्याने पट्टीचं, म्हणजे वर्गणीचं, अ‍ॅप केलं. घर नंबर, नाव, फोटो आणि शेवटी एक चौकट. पट्टी आली की चौकटीत टिक. पहिल्या संध्याकाळी मोजक्या घरांनी पट्टी दिली. काकांनी यादी खाली सरकवली, तर दर दहा-बारा घरांमागे टिका दिसू लागल्या. काकांना गहिवरून आलं. पेटी उघडून पाहिल्यावर गहिवर ओसरला.

पोरगा माझ्या दारात. "दादा, टिक आपोआप लागायलीय."

"कुणाला?"

"ज्यांनी दिली नाही त्यांना."

हा आजार मी पाहिलेला होता. ओळ दुसऱ्या घराला देताना पोराने नंबर बदलला होता, नाव बदललं होतं, चौकटीला मात्र हात लावला नव्हता. नवा भाडेकरू, अभ्रा जुना, आणि अभ्र्याला आधीच्याचं खोबरेल. 'दिली असेल तर टिक लाव' एवढं सगळे लिहितात. 'नसेल तर काढ' लिहायचं राहतं, कारण समोर आलेली ओळ कोरी आहे असं ते धरून चालतात. बजाजनगरात कोरी कॉट मिळालेला माणूस मला तरी अजून भेटलेला नाही.

दरम्यान कोपऱ्यावरच्या रो-हाऊसमधल्या एका गृहस्थांनी अ‍ॅप उघडलं. यांच्याकडे पट्टी मागायला गेलं की ते नेहमी नुकतेच पूजेला बसलेले असतात. स्वतःच्या नावापुढे टिक पाहून त्यांनी चकार शब्द काढला नाही. फक्त स्क्रीनशॉट घेतला.

पोराने दुरुस्ती केली: ओळ भरताना चौकटही हिशेबाप्रमाणे लावायची किंवा काढायची. विचार बरोबर, पण अर्धाच. दुसऱ्या दिवशी काकाच घाम पुसत आले. "अहो, आता दिलेली जायलीय. मी फक्त खाली बघितलं हो, कशाला हात नाही लावला!"

आता हे प्रकरण मला मनापासून आवडतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. चौकटीला एक लिसनर असतो, म्हणजे पहारेकरी. टिक बदलली रे बदलली की तो हिशेबात नोंद करतो. बोटाने बदलली की प्रोग्रामने, हे तो विचारत नाही. तीन नंबरच्या घराची पट्टी आलेली आहे, टिक आहे, पहारेकरी तीन नंबरचा. ही ओळ वर गेली आणि पंधरा नंबरला मिळाली. पंधराने काही दिलेलं नाही, म्हणून प्रोग्रामने टिक काढली. पहारेकरी अजून जुन्याच घराचा! त्याने इमानेइतबारे नोंद केली, 'तीन नंबरने पट्टी परत नेली.' उलटही होत होतं. न दिलेल्याची ओळ दिलेल्याकडे गेली की न दिलेला पावन. कालपर्यंत नुसतं दिसण्यात चुकत होतं, आता खुद्द हिशेबच फिरू लागला. काका यादी सरकवतील तसतसं बजाजनगरात संपत्तीचं फेरवाटप होत होतं. शेवटी त्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला आणि कुणाला त्याच्याजवळ शिंकू देईनात.

पोराच्या कॉलेजातल्या मित्राने यावर एक जालीम औषध दिलं. हे औषध जगभर चालतं. ओळींचे प्रकार असू शकतात, गल्लीच्या मथळ्याची ओळ वेगळी, घराची वेगळी. एका प्रकारची ओळ दुसऱ्या प्रकाराला मिळत नाही. मित्र म्हणाला, प्रत्येक ओळ हाच स्वतंत्र प्रकार आहे असं सांगून टाक. झालं! कुणाची कॉट कुणाला जाईना, सगळे दोष एका रात्रीत गायब. आता प्रत्येक घराची ओळ नव्याने बनत होती आणि पडद्याबाहेर गेली तरी कुलूप लावून मेमरीत पडून राहत होती. पोराच्या नव्या फोनवर हे कळलंही नाही. काकांच्या जुन्या फोनवर यादी तिरंगा चौकातल्या संध्याकाळच्या ट्रॅफिकच्या गतीने पुढे जाऊ लागली. रिसायकलरव्ह्यू आणायचा आणि त्याला काहीच पुन्हा वापरू द्यायचं नाही, या प्रकाराचा मला राग येतो. साधी चूक परवडते, तिच्यात निदान निरागसपणा असतो.

खरी दुरुस्ती कोडच्या दोन-तीन ओळींची. आधी जुना पहारेकरी काढा, मग टिक लावा किंवा काढा, मग नवा पहारेकरी बसवा. शिवाय ओळ भरतानाचा क्रमांक पहारेकऱ्याच्या खिशात घालून ठेवायचा नाही. बोट लागलं की त्या क्षणी ओळीला विचारायचं, बाई, तू आत्ता कितव्या नंबरला आहेस? आणि कुणी दिलं, कुणी नाही, हे ओळीत ठेवायचंच नाही. ते हिशेबात ठेवायचं. ओळीचं काम दाखवण्यापुरतं.

फोटोंचंही त्याच वळणाचं निघालं. फोटो नेटवरून यायचा, रेंज यथातथा, तो पोचेपर्यंत ओळ दुसऱ्याची झालेली. भजनी मंडळाच्या आजींच्या नावापुढे पिळदार मिशीवाला जिममालक उगवला. ग्लाइड किंवा पिकासो यांपैकी एखादी लायब्ररी घेतली की ती ओळ बदलताच जुनी मागणी रद्द करते, तेवढ्याने भागलं. आजींना मिशी आवडली होती, असं नातू सांगतो.

पोरगा आता म्हणतो, पुढच्या वर्षी सगळं अँड्रॉइडच्या नव्या कंपोजमध्ये लिहू, तिथे ओळी भरणारा अ‍ॅडॉप्टरच नाही. खरं आहे. २०२१ साली कंपोजची पहिली पक्की आवृत्ती आली आणि ओळी भरायची बरीच हमाली गेली. पण तिथेही प्रत्येक ओळीला घराची कायमची ओळख द्यावी लागते. नाही दिली तर ओळीतली आठवण क्रमांकाला चिकटते, आणि यादीत मध्येच एक नवं बिऱ्हाड घातलं की टिक शेजाऱ्याच्या घरात. मी त्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "दादा, तुम्ही लई निगेटिव्ह बोलता."

अ‍ॅप आता नीट चालतं. पेटीतले पैसे आणि टिका जुळतात. अपवाद कोपऱ्यावरच्या रो-हाऊसचा. काका आणि पोरगा पावतीपुस्तक घेऊन गेले तेव्हा गृहस्थ पूजेवरून उठून स्वतः बाहेर आले आणि फोन पुढे धरला. नाव त्यांचं, नंबर त्यांचा, टिक ठसठशीत. "तुमच्याच अ‍ॅपातलं आहे ना हे?" पोराने उंबऱ्यावर बसून त्यांना ओळींचा पुनर्वापर समजावून सांगितला, कॉटचं उदाहरण देऊन. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला, आणि म्हणाले, "म्हणजे चूक मंडळाचीच."

काकांनी वही पुन्हा काढलीय. त्या घराच्या नंबरापुढे त्यांनी पेन्सिलने 'स्क्रीनशॉट' असं लिहिलंय. रकमेच्या रकान्यात अजून काही नाही.