नारळ परत, रवा नाही

दुकानातून घरी नेलेला खाण्याचा जिन्नस पुन्हा दुकानात येतो, त्याची कारणे तीन. तो खराब निघतो, चुकीचा आणला जातो किंवा घरी गेल्यावर नकोसा होतो. पहिल्या कारणाची दखल कायदा घेतो, दुसऱ्याची दुकानदार, आणि तिसऱ्याची कोणीच घेऊ नये अशी रीत आहे. तरीही विरारच्या पुढे, वैतरणेपासून बोईसरपर्यंतच्या कोणत्याही किराणा दुकानात हातात पिशवी घेऊन उलट पावली आलेले गिऱ्हाईक बहुधा तिसऱ्याच कारणाने आलेले असते. तोंडाने मात्र ते पहिले कारण सांगते.

कायद्याची बाजू स्पष्ट आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला आणि त्याच्या जागी आलेला २०१९चा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. सदोष माल परत न घेणे ही या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिलावर मुदत छापली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर तीस दिवसांत माल परत घेऊन पैसे द्यावे लागतात. बिल न देणे हीसुद्धा अनुचित प्रथाच. पहिली अडचण इथे येते. किराणा दुकानातले बिल म्हणजे उदबत्तीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर केलेली बेरीज. तिच्यावर मुदत नसते, दुकानाचे नाव नसते, आणि बेरीज पटली की पुठ्ठा दुकानदाराकडेच राहतो. जिथे छापील बिल मिळते, तिथे तळाला 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' हे वाक्य असते. कायदा काहीही म्हणो, ते छापखान्यात आपोआप जुळत असावे. दुसरी अडचण अशी की कायदा 'सदोष' म्हणतो, 'नावडता' म्हणत नाही. कारल्याचे लोणचे कडू लागले, हा दोष नव्हे.

खराब मालाच्या परतीत सगळ्यांत सभ्य व्यवहार नारळाचा. आत काय आहे हे विकणाऱ्यालाही दिसत नाही, म्हणून तो कानाशी हलवून दिला जातो आणि नासका निघाला तर बदलून मिळतो. अट एकच, दोन्ही वाट्या आणाव्या लागतात. दुकानदार पहिली वाटी नाकाजवळ नेतो, नखाने खोबरे खरवडतो, मान हलवतो आणि दुसरी वाटी मागतो. ती नसेल तर अर्ध्या नारळाची चटणी झाली असे समजले जाते, आणि ते सहसा खरे असते. पूजेच्या नारळाचे शास्त्र वेगळे. देवापुढे फोडलेला नारळ नासका निघाला तर देवाने तो स्वीकारला आणि मनातली इच्छा पुरी होणार, अशी पुष्कळांची श्रद्धा आहे. दुकानदाराला ही श्रद्धा तोंडपाठ असते. त्यामुळे त्याचा पहिला प्रश्न, "देवाला फोडला होता का, वहिनी?" हो म्हटले तर पुण्य मिळते, नारळ मिळत नाही. "छे हो शेठ, सोलकढीला आणलेला," असे सांगणाऱ्या वहिनींच्या हातातल्या करवंटीला तेवढ्यात कुंकवाचा ओला ठिपका दिसतो. वाद तिथे मिटतो.

रव्याचा वाद मिटत नाही. पावसाळ्यात या पट्ट्यातली हवा इतकी दमट असते की रवा, बेसन, मैदा यांना जाळी धरायला निमित्त लागत नाही. पिशवीत अळी निघाली की प्रश्न तिच्या जन्मस्थानाचा. गिऱ्हाईक म्हणते दुकानातली, दुकानदार म्हणतो तुमच्या डब्यातली. तांदळाच्या बाबतीत तर किडाच दोघांना खेळवतो. सोंडकिड्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडे घालते आणि भोक बुजवून टाकते. उबदार, ओलसर हवेत त्या अंड्याचा पूर्ण किडा होऊन बाहेर यायला सुमारे महिना लागतो. म्हणजे कायद्याचे तीस दिवस आणि सोंडकिड्याचे तीस दिवस जवळपास एकाच दिवशी संपतात. विकताना दुकानदार खरे बोलत होता, परत करताना गिऱ्हाईकही खरे बोलत असते. अशा वेळी बहुतेक दुकानांत दिला जाणारा निकाल "चाळून घ्या, काकू" असा असतो.

तांदूळ किडका नसतानाही परत येतो. पालघर जिल्ह्यातल्याच वाडा तालुक्याच्या वाडा कोलमला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्या नावाच्या पिशव्या वाढल्या. भात मोकळा झाला नाही की 'हा कोलम नव्हेच' अशी तक्रार होते. नवा तांदूळ चिकट होतोच, पाणी कमी घालावे लागते. पण हे गल्ल्यामागच्या पुरुषाने सांगायचे आणि तीस वर्षे भात रांधलेल्या बाईने ऐकायचे, यात धोका असतो. शहाणा दुकानदार तांदूळ गपचूप बदलून देतो.

परत करण्याचा हक्क किती वापरला जातो हे अंतरावरही ठरते. डहाणूपर्यंत लोकल एप्रिल २०१३ मध्ये धावू लागली, पण विरारच्या पुढच्या गाड्या मोजक्याच. विरारच्या मोठ्या दुकानात स्वस्त म्हणून घेतलेले सॉस परत करायला वैतरणेहून जायचे तर सॉसपेक्षा वाट पाहणेच महाग पडते. वैतरणा आणि सफाळे यांच्या मध्ये, खाडीतल्या बेटावर वाढीव गाव आहे. तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षे रेल्वेच्या पुलावरून चालत स्टेशन गाठले आहे, आणि त्यात जीवही गेले आहेत. ही गोष्ट हसण्याची नाही. तिथला माणूस साखरेची पुडी बदलून आणायला निघत नाही. तो दुकानातच पुडी उघडून बघतो.

काही मालाला परतीचा प्रश्नच लागू होत नाही. घोलवडचा चिकू, २०१६ पासून मानांकनवाला, दगडासारखा टणक विकला जातो आणि 'चार दिवसांत पिकेल' या भरवशावर घरी येतो. तो तिसऱ्या दिवशी कच्चा आणि पाचव्या दिवशी नासलेला असतो. मधला दिवस घरातले सगळे कामावर. सातपाटीचे पापलेट तर परत नेण्याचे धाडस कोणी करत नाही. कल्ले उचलून बघायची वेळ घेण्याआधीची, आणि घेतल्यानंतर मासेवाल्या मावशीपुढे उभे राहायला छाती लागते.

गंमत अशी की खुद्द दुकानदार माल परत करतच असतो. मुदत संपलेली बिस्किटे, वेफर्स, फुगलेल्या पिशव्या एका खोक्यात साठतात आणि सेल्समन आला की "आधी एक्सपायरी उचला, मग ऑर्डर" असे त्याला बजावले जाते. सेल्समनने त्या मालाचे बिल मागितले तर ते सापडत नाही, आणि मागितल्याबद्दल त्यालाच गिऱ्हाइकाच्या सुरात ऐकून घ्यावे लागते. असा माल नवे लेबल लावून पुन्हा बाजारात येऊ नये, म्हणून अन्न सुरक्षा प्राधिकरणाने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना मुदतबाह्य आणि नाकारलेल्या मालाची माहिती दर तिमाहीला द्यायला सांगितले. सुट्या मिठाईपुढे 'कधीपर्यंत खावी' ही तारीख लावणे १ ऑक्टोबर २०२० पासूनच बंधनकारक आहे. पेढ्यांच्या ताटापुढे ती पाटी असते; तिच्यावरचा आकडा वाचायला चष्मा लागतो.

अमेरिकेत मुलाकडे गेलेले आईवडील तिथल्या कॉस्टको या सभासदांच्या दुकानात अर्धे खाल्लेले बिस्किटांचे खोके परत घेतलेले पाहून येतात आणि वर्षभर इथल्या शेठला ते ऐकवतात. ते खोके पुन्हा फळीवर जात नाही, त्याचा खर्च सभासदत्वाच्या फीसकट सगळ्यांवर बसतो, हे कोणी सांगत नाही. युरोपात ऑनलाइन खरेदी चौदा दिवसांत रद्द करता येते, पण नाशवंत माल त्यातून वगळला आहे. त्यामागचे कारण बोईसरलाही लागू आहे. परत आलेला रवा कुठल्या ओट्यावर, कुठल्या फिनेलशेजारी राहून आला हे पुढच्या गिऱ्हाइकाला कळत नाही, आणि तो पुढे विकला जाणारच. म्हणून खराब माल परत घ्यावाच, नकोसा घेऊ नये. सील न फोडलेला आणि त्याच दिवशी आलेला मात्र घ्यायला हरकत नाही, पण गारठ्यात ठेवायचा नसेल तरच. पनीर सील असले तरी नाही.

घेतला तरी रोख पैसे मिळत नाहीत. रक्कम वहीत जमा होते किंवा तेवढ्याचा दुसरा माल घ्यावा लागतो. हिशेबात दोन रुपये उरले तर सुटे नसल्यामुळे दोन चॉकलेटे हातावर ठेवली जातात. ती सदोष असली, नकोशी असली, सील न फोडता लगेच पुढे केली, तरी दुकानदार ती दोन रुपयांना परत घेत नाही.