आजीची तळटीप

प्रबंधाचा विषय पक्का झाला त्या रात्री मी सेमिनरीच्या वसतिगृहातून गावी आजीला फोन लावला. 'मानवी इच्छास्वातंत्र्याचा ख्रिस्ती सिद्धान्त आणि दीनदुबळे,' असं एका दमात सांगून टाकलं.

"दीनदुबळे कळले," आजी म्हणाली. "त्याच्या आधीचं काय ते सांग."

"माणूस खरंच आपल्या मनानं काही निवडू शकतो का, ते शोधायचंय."

"बरं. आन् हा विषय तू निवडला का?"

प्रबंधाची पहिली ओळ लिहायच्या आतच पहिला आक्षेप दाखल झाला होता. मला खरं तर नगरकडच्या मराठी ख्रिस्ती भजनांवर लिहायचं होतं. पण मार्गदर्शक सर म्हणाले, "विषय निवडायची तुम्हाला पूर्ण मोकळीक आहे. फक्त हा घ्या."

या विषयाला हात घालायचा तर ऑगस्टीनला नमस्कार केल्याशिवाय पुढं जाता येत नाही. चौथ्या शतकातला उत्तर आफ्रिकेतला हा माणूस पुढं हिप्पोचा बिशप झाला. सोळाव्या वर्षी त्यानं मित्रांबरोबर शेजारच्या झाडाच्या नाशपाती चोरल्या. भूक नव्हती, स्वतःकडं याहून चांगली फळं होती, चोरलेली बहुतेक डुकरांपुढं टाकली. चाळिशी उलटल्यावर 'कन्फेशन्स' लिहिताना या चोरीवर त्यानं पानंच्या पानं खर्च केली. गरज नसताना आपल्या इच्छेनं पाप का निवडलं, हा त्याचा सल.

सुट्टीत आजीला हे सांगितलं. ती बाजरी पाखडत होती. "म्हंजे पोटभर जेवलेल्यानं चोरी केली की पुस्तक होतं," ती म्हणाली. "आमच्यात भुकेनं कणीस तोडलं तर नुसता मार बसायचा."

मी हे वाक्य प्रबंधात घातलं. सरांनी समासात लाल शाईनं लिहिलं, 'आधार?'

मग आले इरॅस्मस आणि मार्टिन ल्यूथर. इच्छा स्वतंत्र असते, असं इरॅस्मसनं 1524 साली लिहिलं. ती बांधलेली असते, असं जाडजूड उत्तर ल्यूथरनं 1525 साली दिलं. ल्यूथरच्या मते माणसाची इच्छा म्हणजे ओझ्याचं जनावर. पाठीवर देव बसला तर देव नेईल तिकडं जाणार, सैतान बसला तर सैतान नेईल तिकडं. कुणाला बसू द्यायचं, हे जनावराच्या हाती नाही. या वादावर मी 44 पानं लिहिली आणि मोठ्या अभिमानानं आजीला त्यांचं सार सांगितलं.

"त्या जनावराला वैरण कुणी टाकली का?" आजीनं विचारलं.

44 पानांत वैरण कुठंच नव्हती.

गरिबांवरचं प्रकरण तरी आजीला पटेल, अशी माझी आशा होती. पेरू देशातल्या गुस्ताव्हो गुटिएरेझ या पाद्रीबाबांचा मुक्तीच्या ईश्वरविज्ञानावरचा ग्रंथ 1971 साली आला. 1979 साली मेक्सिकोतल्या पुएब्ला शहरी लॅटिन अमेरिकेतले कॅथलिक बिशप जमले आणि चर्चनं गरिबांना प्राधान्य द्यावं असं त्यांनी ठरवलं. 'प्राधान्य' शब्द कानी पडताच आजी उठली आणि ट्रंकेतून रेशनकार्ड काढून माझ्यापुढं धरलं. वर शिक्का होता, 'प्राधान्य कुटुंब'.

"माणशी पाच किलो," ती म्हणाली. "तेबी मशीनवर अंगठा उमटला तर. बिशप किती देतात?"

सर म्हणाले, आजी पुरे झाली, आता क्षेत्रकार्य करा. म्हणून हंगामाच्या सणाला एका खेड्यातल्या चर्चमध्ये गेलो. पाळकसाहेबांनी विधवेच्या दोन दमड्यांवर सुंदर उपदेश केला. पाठोपाठ 'स्वखुशीचं अर्पण' सुरू झालं. कुणाची खुशी कमी पडू नये म्हणून पंच मंडळी प्रत्येकाचं नाव आकड्यासकट लाऊडस्पीकरवर वाचत होती. मग आलेल्या वस्तूंचा लिलाव झाला. एका म्हातारीनं आणलेली दोन अंडी ठेकेदारानं 500 रुपयांना घेतली. ठेकेदाराचं नाव दोनदा पुकारलं, म्हातारीचं एकदाही नाही.

शेवटचं प्रकरण मात्र घरातच अडलं. नगरला अमेरिकन मराठी मिशन 1831 पासून होतं. आजीचे आजोबा 1899-1900च्या दुष्काळात मिशनच्या आवारात आले आणि ख्रिस्ती झाले. पंडिता रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, त्यावर आपण वैचारिक लेख लिहितो. नारायण वामन टिळकांनी 1895 साली घेतला, त्याला आपण धर्मशोध म्हणतो. आजीच्या आजोबांनी घेतला, त्याला म्हणतात 'भाकरीसाठी बाटले'. इच्छा तिघांनाही होती, पोट मात्र एकाचंच तपासलं गेलं.

भीत भीत आजीला विचारलं, "खरं सांग, भाकरीसाठीच आले होते ना?"

"मग? उपाशी माणूस आणखी कशासाठी येईल?" आजीला यात लाजण्यासारखं काही दिसेना. "पण पुढं पाऊस पडला, पीकपाणी झालं, मिशनची भाकरी बंद झाली. गावानं बलुतं तोडलं. तरी म्हातारा दर रविवारी पाच मैल चालत उपासनेला जायचा. येणं भुकेचं असंल, बाळा. राहणं त्याचं."

त्याच रात्री 44 पानं फाडावीशी वाटली, पण तेवढं इच्छास्वातंत्र्य माझ्यात नव्हतं. मी आजीचं ते शेवटचं वाक्य निष्कर्षात घातलं आणि 'आधार?'ची वाट न बघता खाली तळटीप दिली : 'आजी, वय 84, शिक्षण दुसरी. प्रत्यक्ष मुलाखत, चुलीजवळ.'

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ऑगस्टीन ओलांडला, ल्यूथर ओलांडला आणि नेमकं त्या तळटीपेवर बोट ठेवलं.

"या बाईंचं काही लेखन?"

"सही येते, सर."

प्रबंध मंजूर झाला. आजीला फोन केला.

"आता पुढं काय?"

"मंडळ पाठवील त्या गावी पाळक म्हणून जायचं."

"म्हंजे गावबी तू निवडणार नाहीस?"

"जाणं मंडळाचं, आजी. राहणं माझं."

या गावात मला आता सहावं वर्ष चालू आहे.