आदिवासी बांधवांना आधार कसा द्यावा : नवशिक्यांसाठी, तळेघरमार्गे

आधी वैशाखातला एखादा रविवार मुक्रर करावा. श्रावणी सोमवार टाळावा. त्या दिवशी भीमाशंकरच्या रस्त्याला एवढी गर्दी असते, की आधार द्यायला गाडी लावायची कुठे हाच प्रश्न पडतो. पुण्याहून निघालं की मंचर, मग घोडेगाव, मग डिंभे धरणाचं पाणी. इथे थांबून फोटो काढावेत. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव पडलं, ते गाव या पाण्याखाली गेलं, हे ठाऊक नसलं तरी चालतं. फोटोत ते येत नाही.

तळेघर आलं की काचा खाली कराव्यात. इथून पुढे रस्त्याकडेला कोणी करवंदं घेऊन बसलेलं असतं, कोणी मधाची बाटली, कोणी हातसडीच्या तांदळाची पिशवी. तुमच्याकडे पाचशेची नोट असावी, सुटे नसावेत. सुट्यांवरून व्यवहार मोडता येतो आणि मनाला लागतही नाही.

आता समोरचा माणूस खरा आदिवासी आहे ना, याची खात्री करून घ्यायची. हे नवशिक्यांना जड जातं. या भागात महादेव कोळी आहेत, ठाकर आहेत, पण त्यांच्या अंगावर जीन्स असते, पोरगं घोडेगावात कॉलेजात असतं आणि टोपलीला पैसे घ्यायचा क्यूआर कोड चिकटवलेला असतो. तो पाहून खट्टू होऊ नये. ‘आता हेसुद्धा सुधारले’ असं बायकोकडे बघून म्हणावं आणि पुढच्या टोपलीकडे जावं. तिथली बाई वयाने तुमच्याहून लहान असली तरी तिला ‘मावशी’च म्हणायचं.

मध घेताना शास्त्र पाळावं. कापसाची वात बुडवून पेटवावी, पाण्यात थेंब सोडावा, कागदावर टाकून बघावा. तिने हे सगळं शांतपणे बघावं अशी अपेक्षा असते, आणि ती बघतेही. पुढे थंडीत बाटलीच्या तळाशी साखर धरली की ‘फसवलं’ म्हणून मोकळं व्हावं. मधातलं ग्लुकोज थिजतं, चांगला मधही थिजतो, हे वाचण्याच्या भानगडीत पडू नये. डिसेंबर 2020 मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने बाजारातल्या 13 ब्रँडचा मध तपासून घेतला, तेव्हा एनएमआर या भेसळ ओळखणाऱ्या चाचणीत फक्त 3 उतरले. म्हणून मॉलमध्ये वात घेऊन गेलेला माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही.

भाव करणं हे तर आपलं कर्तव्यच. करवंदांचा द्रोण वीसला असेल तर दहा म्हणावं. काटे हाताला तिच्या टोचलेले असतात, त्यामुळे तुम्हाला मोकळ्या मनाने बोलता येतं. वाचलेल्या दहा रुपयांचा हिशेब परतीच्या वाटेवर दीडशेच्या कॉफीसोबत करावा. तिथे पाटीवर लिहिलेला दर असतो. पाटीशी वाद घालायचा नसतो.

हिरड्याकडे दुर्लक्ष करावं. फोटोत तो बकरीच्या वाळलेल्या लेंड्यांसारखा दिसतो. पण आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात रोकड पैसा येतो तो बहुतेक यातूनच. फळात बी धरायच्या आत झाडावर चढून ते पाडायचं, अंगणात वाळत घालायचं, काळंठिक्कर होईतो राखायचं. मग तो बाळहिरडा. औषधाला जातो, कातडं कमवायलाही हिरडाच लागतो. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात इथली हिरड्याची झाडं उन्मळली. भात पडलं तर पंचनामा कसा करायचा हे सगळ्यांना ठाऊक. पण जंगलातल्या झाडाचं नुकसान कोणत्या रकान्यात मांडायचं? भरपाईसाठी माणसांना मोर्चे काढावे लागले. भाव मात्र व्यापारीच सांगतो. तो स्वतःला आधारबिधार म्हणवत नाही, नुसता भाव पाडतो. तुम्ही रात्री झोपताना त्रिफळ्याची गोळी घेता ना, छान बाटलीतली? त्यात हिरडा आहे. त्या बाटलीला तिच्या गावची हकीकत विचारलीत कधी?

खरेदीतून आधार देणं ही कल्पना काही आपलीच नव्हे. अमेरिकेत 2020 मध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर कृष्णवर्णीयांच्या दुकानांच्या याद्या घरोघरी फिरल्या. त्यांच्याकडेच खरेदी करा, असा धोशा सुरू झाला. आपल्याकडे यादी नव्हती, एक गिऱ्हाईक होतं. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी चहाचं हॉटेल काढलं. चहा चांगला, जागा लख्ख, पण हॉटेल अस्पृश्याचं म्हणून कोणी फिरकेना. शाहू महाराज त्या दारात गाडी थांबवून चहा मागवायचे, स्वतः प्यायचे आणि बरोबरच्यांनाही पाजायचे. महाराजांनी चहात वात बुडवली होती की नाही, याची कुठे नोंद नाही.

उलटा धडाही आहे, तो जरा वरच्या इयत्तेचा. काही मंडळी भाव करत नाहीत, चव बघत नाहीत, पिशवीत डोकावतही नाहीत. वाईट निघालं तरी ‘जाऊ दे, गरीब आहेत’ म्हणतात. ही मंडळी फार दयाळू आणि पुन्हा कधी न दिसणारी. मीही त्यातलाच. एका वर्षी तळेघरच्या पुढे एका वळणावर एका बाईकडून पाच किलो तांदूळ घेतला. वास असा, की शेजारचे विचारायला आले. चौथ्या दिवशी दाताखाली खडा आला. मी काही बोललो नाही. म्हणजे तिला बोललो नाही. सोसायटीत सगळ्यांना सांगितलं, की ‘ही माणसं अशीच.’ त्याच महिन्यात दुकानातून आणलेल्या पाकिटबंद रव्यात अळ्या निघाल्या, तेव्हा मी ‘हा लॉट खराब दिसतोय’ असं म्हणालो होतो आणि पावती घेऊन बदलूनही आणला होता. हे बायकोने दाखवून दिलं. बायका असलं लक्षात ठेवतात.

तर शेवटची कृती, जमली तर करावी. पुढच्या वर्षी त्याच वळणावर मी गाडी थांबवली आणि तोंडातल्या तोंडात म्हणालो, “मागच्या तांदळात खडे निघाले होते.”

“मंग तवाच का नाय सांगितलं, दादा? बदलून दिला असता.”

“तवा म्हणजे... पुण्याहून परत कुठं...”

“फोन नंबर हाये की.” तिने क्यूआर कोडच्या पुठ्ठ्याकडे बोट दाखवलं. वर्षभरापूर्वीही तो तिथेच होता. मग तिने सूप ओढलं, माझ्यासमोर पाखडायला घेतलं आणि सगळं संपेतो एकदाही वर पाहिलं नाही. भाव सांगितला, तो गेल्या वर्षीपेक्षा किलोमागे दहा रुपयांनी जास्त होता. माझं तोंड उघडलं.

“पिशवी आणलीय ना?” ती म्हणाली.