फटीत गेलेल्या वस्तूचा यथासांग विधी

गाडीत वस्तू पडते ती सरळ खाली पडत नाही. तशी पडली असती तर पायपुसणीवर सापडली असती आणि शास्त्राची गरजच उरली नसती. ती जाते ड्रायव्हरची सीट आणि हँडब्रेक यांच्या मधल्या फटीत. तिथे हात मनगटापर्यंत जातो, बोटाच्या टोकाला वस्तू लागते आणि लागली की बोटभर आत सरकते. आमच्या तळेगावात (श्यामजी पंत) या फटीचे अभ्यासक पुष्कळ. गाव नागपूर-अमरावती हायवेवर, आर्वीचा आणि आष्टीचा रस्ता इथूनच फुटतो. त्यामुळे चहाला थांबलेल्या गाड्यांची आणि दार उघडं टाकून ओणव्या झालेल्या माणसांची वानवा नाही. त्यांच्या निरीक्षणातून ही नियमावली सिद्ध झाली आहे.

नियम पहिला. आधी गाडी थांबवा. यात विनोद काही नाही. सत्याग्रही घाटाच्या वळणावर एका हाताने स्टिअरिंग सांभाळत दुसऱ्याने सीटखाली चाचपडणारे महाभाग मी पाहिले आहेत. आंबिया बहाराच्या दिवसांत तर पिशवी कलंडते आणि एखादं संत्रं घरंगळत नेमकं ब्रेकखाली जातं. पाण्याच्या बाटलीलाही तीच खोड. ब्रेकखाली काही अडकल्याची शंका आली तर वाकू नका. गिअर उतरवत गाडी कडेला घ्या. संत्रं सीटखाली गेलं असेल तर मात्र घाई नाही. चार दिवसांत ते स्वतःच आपला ठावठिकाणा कळवतं, आणि मग आठवडाभर कळवतच राहतं.

नियम दुसरा. सीट पूर्ण पुढे घ्या आणि मागच्या दारातून पाहा. मग पूर्ण मागे न्या आणि पुढच्या दारातून पाहा. टॉर्च वरून मारू नका, तळाला समांतर धरा. आडव्या उजेडात नाण्याचीही सावली पडते. मोबाईलच पडला असेल तर शेजाऱ्याला रिंग द्यायला सांगा, आणि आपला फोन सायलेंटवर आहे हे गृहीत धरा. सीटखाली पिवळ्या प्लगची वायर दिसली तर ती बहुधा एअरबॅगची. तिला हात लावायचा नाही. प्लग सुटला की डॅशबोर्डवर दिवा पेटतो आणि हरवलेल्या दहा रुपयांपायी मेकॅनिकचं बिल येतं.

नियम तिसरा, आणि खरं तर मुख्य: काकाजी. तुम्ही ओणवे झालात की चहा निवायच्या आत तुमच्या पाठीमागे एक काकाजी उभे राहतात. पांढरा शर्ट, खिशात पेन, हात मागे बांधलेले. त्यांचा स्वतःचा हात फटीत कधी जात नाही, पण तुमचा कसा जायला हवा हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

"काय पडलं जी?"

"किल्ली."

"मंग तसा नाई, असा घाला हात."

तुम्ही असा घालता.

"असा नाई ना बाप्पा, मंघानी होता तसा."

एवढ्यात आणखी दोघं येतात आणि काकाजी त्यांना तुमच्या वतीने सगळा इतिहास सांगतात. शेवटी ठरलेलं वाक्य येतंच: "आमच्या एटहंड्रेडले फटच नोती."

होती. मी त्या गाडीत बसलो आहे. मारुती ८०० आली १९८३ मध्ये, बंद झाली २०१४ मध्ये, आणि एवढ्या वर्षांत तिच्या फटींनी किती चिल्लर गिळली याचा हिशेब कोणाकडे नाही. हे काकाजी माझे सख्खे चुलते असल्याने मला उलट बोलता येत नाही, म्हणून इथे लिहितो. गुडघे वाकत नाहीत म्हणून ते तोंडाने वाकतात. घरात कोणाचंही काहीही पडो, खुर्ची टाकून गाडीशेजारी बसणार आणि आपण दमलो की स्वतःच दमल्यासारखं पाणी मागणार.

पण त्यांच्या डिक्कीत स्टेपनीशेजारी एक पिशवी असते, आणि तिच्यापुढे मी नमतो. जुन्या रेडिओच्या स्पीकरचं चुंबक, त्याला बांधलेली सुतळी, खराट्याच्या लांब काड्या, दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी. चुंबक सुतळीने फटीत सोडायचं. स्टीलचं एक-दोन रुपयांचं नाणं लगेच येतं. किल्ली पितळी असेल तर ती येत नाही, पण तिची रिंग पोलादी असते, रिंगवर नेम धरायचा. दहाचं नाणं, जोडवं, मंगळसूत्र यांना चुंबक ओळखही दाखवत नाही. तिथे काडी आणि चिकटपट्टी.

लायसन्स किंवा आरसी पुढच्या काचेखालच्या जाळीत गेलं तर हवेचा नॉब फिरवू नका. आतली झडप हलली की कार्ड आणखी खोल जातं. काडीला पट्टी लावा, कार्डावर दाबा, सावकाश ओढा. हे काम काकाजींनी एकदा स्वतःच्या हाताने केलं, कारण तिथे वाकावं लागत नाही.

काचेच्या फटीतून दारात पडलेलं काढायला दाराचं पॅड उघडावं लागतं. क्लिपा तुटतात. मेकॅनिककडे जा.

फेब्रुवारी २०२१ मध्ये टोलवर फास्टॅग सक्तीचा झाला आणि सीटखालची चिल्लर आटली. जुना माल मात्र अजून निघतो. काकाजींच्या गाडीतून परवा पाचशेची जुनी नोट निघाली, ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री बाद झालेली. ही नोट मीच घेतली असा त्यांचा इतकी वर्षं समज होता. त्यांनी ती उन्हात धरून पाहिली, घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, "पाय, मी म्हटलं होतं ना, सीट पुढं घे." माफी वगैरे विषय नाही. बाद झालेल्या नोटा दहापर्यंत जवळ ठेवायला २०१७ चा कायदा हरकत घेत नाही, त्यामुळे त्या बाबतीत ते निर्धास्त आहेत.

तेव्हा राजेहो, तळेगावात हायवेच्या कडेला कोणी गाडीत डोकं घालून ओणवा दिसला तर थांबू नका. सल्ला द्यायला माणूस आधीच उभा आहे. त्यातून थांबलातच, तर टॉर्च तेवढा आडवा धरा.