यंत्राचं तोंड कुणाकडे?

शाळेत तंत्रज्ञान आलं की नाही, अशी शंका ज्यांना येते त्यांनी एकदा कुठल्याही शिक्षकाचा मोबाइल हातात घेऊन बघावा. त्यात विद्यार्थ्यांच्या नोंदींचं सरल आहे, शाळेच्या माहितीचं यूडायस प्लस आहे, पगाराचं शालार्थ आहे, आज खिचडी किती पोरांनी खाल्ली ते कळवायला पोषण आहाराचं ॲप आहे. २०२३च्या अखेरीस तर वर्गाची हजेरीसुद्धा चॅटबॉटच्या कानावर घालायची झाली. शिवाय केंद्राचा ग्रुप, तालुक्याचा ग्रुप आणि ‘फक्त महत्त्वाच्या सूचना’ या नावाचा, सुप्रभातांनी दुथडी भरून वाहणारा तिसरा ग्रुप. तेव्हा तंत्रज्ञान आलंय, चांगलं मुरलंयसुद्धा. माझं म्हणणं एवढंच की त्याचं तोंड कार्यालयाकडे आहे आणि पाठ पोरांकडे. यात योगायोग काही नाही. शाळेतलं कुठलं यंत्र चालेल आणि कुठलं धूळ खाईल, हे ते बंद पडल्यावर फोन कुणाचा येतो यावर ठरतं. हजेरी वेळेत भरली नाही तर तासाभरात फोन. वर्गातला डिजिटल पॅनेल दिवाळीपासून बंद असला तर होळीपर्यंत कुणी विचारत नाही.

हा पॅनेल जवळून पाहण्यासारखा असतो. त्याच्यावर मखमली झूल असते, झुलीवर दात्याचं नाव, तेही भिंतीवरच्या पाढ्यांपेक्षा मोठ्या अक्षरांत. त्याचं पेन मुख्याध्यापकांच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली रजेवर गेलेल्या शिपायाकडे. नागपुरात ऊन तापलं की शाळा सकाळची होते. त्या वेळचं तिरपं ऊन थेट पडद्यावर येतं आणि मागच्या बाकावरून आवाज उठतो, “सर, काही दिसून नाही राहिलं!” खिडकी लावावी तर जीव उकडतो, पंखा लावावा तर लाइन जाते. मग पॅनेलने व्यापून उरलेल्या दीड हात फळ्यावर खडूने अपूर्णांक शिकवायचे. अपूर्णांकांना जागा कमी लागते, हे नशीब.

पण ऊन आणि वीज या वरवरच्या अडचणी झाल्या. खरी ग्यानबाची मेख जडवस्तू संग्रह नोंदवहीत आहे. १९८७ साली खडू-फळा मोहीम आली. प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि शैक्षणिक साहित्य मिळावं, हा तिचा हेतू. चांगलाच होता. पण साहित्य आलं की त्याची नोंद होते आणि नोंद झालेली वस्तू फुटली की जबाबदारी गुरुजींची. पृथ्वीगोल पोरांच्या हाती द्यावा आणि तो आसावरून निखळावा, तर खुलासा कोण देणार? वस्तू नोंदवहीतून कमी करायचा, म्हणजे निर्लेखनाचा, प्रस्ताव कोण तयार करणार? त्यापेक्षा अख्खी पृथ्वी कपाटात ठेवून कुलूप लावलेलं बरं. आज त्याच नोंदवहीत पॅनेल आणि टॅबलेट चढलेत. वस्तू शाबूत ठेवल्याबद्दल शिक्षकाला आजवर कुणी जाब विचारलेला नाही, वापरून मोडल्याबद्दल मात्र विचारतात. अशा वेळी शहाणा माणूस काय करील, हे कळायला प्रशिक्षण लागत नाही.

यंत्र आणलं की शिक्षण आपोआप होतं, ही श्रद्धा काही आपलीच नाही. १९१३ साली एडिसनने सांगून टाकलं होतं की शाळांतून पुस्तकं लवकरच हद्दपार होतील, सगळं शिक्षण चित्रपट देतील. मुदत दिली होती दहा वर्षांची. पुस्तकं अजून आहेत. उलट आपल्याकडे २०२३मध्ये ती जाड झाली, कारण दप्तराचं ओझं कमी करायला पाठ्यपुस्तकातच वहीची कोरी पानं बांधली. एकाच पुस्तकात इकडे मोबाइलने वाचायचा क्यूआर कोड आणि तिकडे पेन्सिलीने लिहायचं कोरं पान, म्हणजे एकविसावं शतक आणि पाटीपूजन एकाच बांधणीत! दोन वर्षांत कोरी पानं काढायचं ठरलं. कोड राहिला.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: शिक्षकांनाच काही नवीन नको असतं. तसं असतं तर रात्री अकराला, सर्व्हर थोडा मोकळा असतो म्हणून, यूडायस भरत बसलेली जमात कुठली? दुसरा आक्षेप वजनदार आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले यांना क्यूआर कोडच्या कामासाठी २०२०चा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला. दहा लाख डॉलरांतली निम्मी रक्कम त्यांनी उरलेल्या नऊ अंतिम स्पर्धकांना वाटून टाकली. मग तंत्रज्ञान चालत नाही कसं म्हणता? मी तसं म्हणतच नाही. परितेवाडीत कोड आला तो समोरच्या पोरांचं कुठे अडतंय ते पाहून, राज्यभर आला तो छापखान्यातून. वर्गात मुलांना मोबाइल बंदी, आणि घरी बाबा बुटीबोरीच्या कारखान्यात ड्युटीवर, मोबाइल बाबांच्या खिशात. रात्री तो हाती येतो तेव्हा पोरगं कवितेचा कोड उघडतं की आणखी काही, याचा अंदाज ‘असर’च्या २०२४च्या ग्रामीण पाहणीतून येतो. स्मार्टफोन वापरता येणाऱ्या चौदा ते सोळा वयाच्या मुलांपैकी आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी स्मार्टफोन वापरणारी सुमारे ५७ टक्के, समाजमाध्यमांसाठी वापरणारी सुमारे ७६ टक्के. पोरांना यंत्र येतं. ते अभ्यासाकडे वळवायला मात्र कुणीतरी शेजारी बसावं लागतं.

नागपूरजवळच्या वडधामन्याला जुलै २०२५मध्ये एआयची अंगणवाडी सुरू झाली, देशातली पहिली म्हणून गाजली. तिथे तीन ते सहा वर्षांच्या बाळांना व्हीआर चष्मे आहेत. ज्याची साध्या वास्तवाशीच अजून पुरती ओळख व्हायची आहे त्याला आभासी वास्तव दाखवण्यात घाई होते, असं माझं मत. पण चष्म्याच्या ओढीने बाळं अंगणवाडीत येऊन टिकत असतील तर मी मत गिळायला तयार आहे. मला काळजी पहिल्या चष्म्याची काच तडकेल त्या दिवसाची. तो दुरुस्तीला जाईल की ताईंचा खुलासा मागवला जाईल?

याच नागपुरात महापालिका शाळांची मुलं अपूर्व विज्ञान मेळाव्यात घरगुती, टाकाऊ वस्तूंमधून प्रयोग करून दाखवतात. तिथे फुगा फुटला तर दुसरा फुगवतात, निर्लेखन नाही. आणि समजावून सांगायला गुरुजी नाहीत, पोरगी उभी असते. पाहुण्याने खोचक प्रश्न विचारला तर ती आधी प्रयोग पुन्हा करते, मग उत्तर देते. हे तंत्रज्ञान नव्हे असं कुणी म्हणेल. मी म्हणेन, याचं तोंड योग्य दिशेला आहे. पॅनेलचंही तसंच वळवता येईल. तुटफूट गृहीत धरा, दुरुस्तीचे पैसे शाळेच्या हाती द्या, पेन पोरांच्या हाती द्या. आणि कार्यालयाने महिन्यातून एकदा फोन करून एवढंच विचारावं, की पॅनेल पाहून कुण्या पोराने काही प्रश्न विचारला का?

अर्थात ही सूचना मी फार जोरात करत नाही. कुणी मनावर घेतलीच तर तिसऱ्याच दिवशी ग्रुपवर लिंक येईल: विद्यार्थ्यांनी विचारलेल्या प्रश्नांची वर्गनिहाय माहिती विहित नमुन्यात आज पाच वाजेपर्यंत भरावी, माहिती निरंक असल्यास तसे स्पष्ट नमूद करावे.