मधोमध पंखा आहे

आपल्याकडे छताचा मध्य पंख्याचा असतो. त्यावर कोणी वाद घालत नाही. स्लॅब भरतानाच बिल्डर मधोमध हूक सोडतो, आणि त्या हुकाला पुढची पन्नास वर्षं काय लटकणार हे तेव्हाच ठरून जातं. परदेशी मासिकांतल्या बैठकीच्या खोल्या बघताना मला हे एकदम जाणवलं. वर जुनं झुंबर असतं, खाली सोफा असतो, सोफ्यावर लांब कानांचा कुत्रा असतो, आणि पंखा कुठेच नसतो. मे महिन्याच्या ठाण्यात त्या खोलीत कुत्रासुद्धा टिकणार नाही.

म्हणून झुंबराची हौस असलेल्या मराठी माणसाचं पहिलं भांडण दुकानदाराशी होत नाही, पंख्याशी होतं. पंख्याच्या वरच्या बाजूला दिवा लावला तर पाती उजेड कापत राहतात, भिंती लुकलुकायला लागतात आणि थोड्याच वेळात कुणाचं तरी डोकं दुखतं. शेजारी लावला तर वाऱ्याने लोलक एकमेकांवर आपटतात. पहिल्या संध्याकाळी तो किणकिणाट फार गोड वाटतो. मग घरातलं कोणीतरी उठतं आणि काही न बोलता पंखा एकवर आणतं. पिसाच्या कॅथेड्रलमधला झुलता दिवा बघून गॅलिलिओला लंबकाचा नियम सुचला, ही गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते. (तिथे आज दाखवतात तो दिवा म्हणे त्या प्रसंगानंतरचा आहे, पण चांगल्या गोष्टीचं त्याने काही बिघडत नाही.) मीटरभर लांबीच्या दोरीला टांगलेली वस्तू जाऊन-येऊन साधारण दोन सेकंद घेते. आमच्या हॉलमध्ये पंखा चारवर असताना गॅलिलिओ वर बघत बसला असता, तर नियम सुचायच्या आधी त्याला गरगरलं असतं.

झुंबरं ज्यांना शोभली त्यांची छतंच वेगळी होती. ग्वाल्हेरचा जयविलास पॅलेस घ्या. जयाजीराव शिंद्यांनी तो १८७४ मध्ये बांधून घेतला. त्याच्या दरबार हॉलमध्ये दोन झुंबरं आहेत, एकेकाचं वजन साडेतीन टन, उंची साडेबारा मीटर, म्हणजे आमच्या इमारतीचे चार मजले. दिवे प्रत्येकी अडीचशे. एवढं ओझं छत पेलेल का, हे बघायला आधी हत्ती छतावर चढवले होते असं तिथे सांगतात. कोणी आठ म्हणतं, कोणी दहा. मला त्या हत्तींपेक्षा त्यांच्यासाठी बांधलेल्या उताराचं जास्त कौतुक वाटतं, आणि त्याहून जास्त त्या माहुताचं, ज्याला सकाळी कामावर आल्यावर हे सांगण्यात आलं असेल.

आपल्याकडच्या मोठ्या वाड्यांतही हंड्या-झुंबरं असत, पण त्यांचा संसार निराळा. वर्षभर ती खोळीत बांधलेली. घरात मुंज किंवा लग्न निघालं की खोळी उतरायच्या, आणि मग लोलक पुसायला गडीमाणसं शिडीवर. गोव्यात मंगेशीला किंवा कवळ्याच्या शांतादुर्गेला गेलात तर सभामंडपात काचेची झुंबरं दिसतील. विलायती थाटाचं झुंबर आणि त्याखाली बसून आरती म्हणणारी मंडळी, हे दृश्य इतकं सहज वाटतं की त्यातलं काही परकं आहे हे मनातसुद्धा येत नाही. तिथेही छत उंच आणि पुसायला माणसं आहेत.

आमच्या घरात पुसणाऱ्या माणसांची मोजदाद सुरू झाली की ती माझ्यापाशी येऊन थांबते. झुंबराचा विषय मी पहिल्यांदा काढला तेव्हा सासूबाईंनी एवढंच विचारलं, "पुसणार कोण?" या प्रश्नावर जगातल्या एकाही गृहसजावटीच्या पुस्तकात उत्तर नाही. आठ फांद्यांच्या मध्यम झुंबराला शंभरावर लोलक सहज असतात. प्रत्येक तारेच्या आकड्यातून काढायचा, धुवायचा, कोरडा करायचा आणि पुन्हा त्याच जागी अडकवायचा. जागा चुकली की सगळं झुंबर एका बाजूला रुसल्यासारखं दिसतं.

तरी बघायला काय हरकत आहे, म्हणून आम्ही चोर बाजारात गेलो. मटण स्ट्रीटवर जुन्या दिव्यांची दुकानं आहेत, आणि त्यांची छतं दिसत नाहीत इतके दिवे वरून खाली आलेले असतात. एका दुकानात आम्ही वाकूनच शिरलो. मालकांनी चहा मागवला आणि वर न बघताच सांगितलं, "बेल्जियम है, मॅडम. राजा के घर का माल." मी दुसऱ्याकडे बोट दाखवलं. तेही बेल्जियम. तिसरं, कोपऱ्यातलं, एक हात तुटलेलं, तेही बेल्जियम आणि तेही राजाच्या घरचंच. आपल्याकडे आलेली सगळी झुंबरं खरोखर बेल्जियममधून आली असती तर त्या एवढ्याशा देशात खिडक्यांना काच उरली नसती. प्रत्यक्षात पुष्कळ माल बोहेमियातून यायचा, आणि संस्थानिकांचा तर बर्मिंगहॅमच्या ऑस्लर कंपनीवर भारी जीव. या ऑस्लरनी १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात सत्तावीस फूट उंचीचं, चार टन काचेचं कारंजं उभं केलं होतं, आणि कलकत्त्यातही त्यांचं दुकान होतं. आजचा नवाकोरा जुना माल मात्र फिरोझाबादेहून निघालेला असण्याची शक्यता जास्त. त्यात कमीपणा काही नाही. ज्या गावाने देशभरच्या मनगटांत बांगड्या भरल्या, त्याला लोलक काय जड आहेत? फक्त त्याची किंमत राजाच्या घरची लावू नये.

नवरा इंजिनियर आहे, त्यामुळे तो हत्यार घेऊन आला होता. हत्यार म्हणजे आमच्या फ्रिजवरचं चुंबक, महाबळेश्वरहून आणलेली लाल स्ट्रॉबेरी. अस्सल पितळेला चुंबक चिकटत नाही. लोखंडावर पितळेचा मुलामा दिलेला असला की चिकटतं. मालक "प्युअर ब्रास" म्हणून वजन सांगत होते तेवढ्यात नवऱ्याने हळूच स्ट्रॉबेरी दांड्याला लावली, आणि ती तिथेच राहिली. तिघंही तिच्याकडे बघत होतो. मालकांनी चहाचा घोट घेतला. "अंदर का रॉड लोहे का होता है," ते म्हणाले, "मजबूती के लिए." स्ट्रॉबेरी बाहेरच्या वेलबुट्टीलाही चिकटली तेव्हा त्यांनी विषय बदलून पोरांच्या शाळेची चौकशी केली. मला ते फार आवडले. पुढे त्यांनीच मला लोलक बघायला शिकवलं. साच्यात दाबून काढलेल्या काचेवर बारीक शिवण राहते, ती नखाला लागते; हाताने पैलू पाडलेल्या लोलकाच्या कडा धारदार असतात. शिशाची काच हातात जड लागते आणि उन्हात धरली की तिच्यातून रंग सांडतात. ॲक्रिलिक हातात धरताच कळतं, त्याला ना वजन ना गारवा. आणि काही जुन्या काचेत मँगनीज असतं, ती वर्षानुवर्षं उन्हात राहिली की फिकट जांभळी होते. एकाच झुंबरात दोन लोलक जांभळट आणि बाकीचे पाण्यासारखे दिसले, तर मधल्या काळात कोणीतरी डागडुजी केली आहे असं समजायचं.

वायरिंगचं त्यांनी सांगितलं नाही, ते मी सांगते. मेणबत्त्यांची जुनी झुंबरं पुढे विजेवर आणली तेव्हा फांद्यांच्या अंगाबाहेरूनच वायर फिरवल्या गेल्या. कापडात गुंडाळलेली ती रबरी वायर आज बोटाने दाबली तर भुकटी होते. जुना दिवा घ्यायचा तर आतली वायर आणि होल्डर नवे, आणि धातूच्या अंगाला अर्थिंग, एवढा खर्च किमतीत धरूनच घासाघीस करावी.

तर झुंबर राहिलं. कारण सांगायचं तर गणित. खोलीची लांबी आणि रुंदी फुटांत घ्यायची, बेरीज करायची, तेवढे इंच झुंबराचा व्यास, असा एक ठोकताळा आहे. दहा बाय बाराच्या खोलीला बावीस इंच. इथवर ठीक. पण ज्याखालून माणसं जातात तो दिवा जमिनीपासून निदान सात फुटांवर संपायला हवा. आमचं छत साडेनऊ फूट. राहिले अडीच फूट, त्यातच साखळी आणि वरची वाटी. एवढ्यात झुंबराला उभंही राहता येत नाही, त्याला मांडी घालून बसावं लागतं. साडेबारा मीटरची गोष्ट ऐकल्यावर ते बघवेना.

छोट्या घराला एकेरी लोंबता दिवाच बरा, असं माझं मत त्यानंतर पक्कं झालं. तसं ते नवीन नाहीच. आपला लामणदिवा काय होता? पितळी साखळी, तिच्या कड्यांत मोर नाहीतर पोपट, खाली तेलाची बशी. काही दिव्यांत हत्तीच्या किंवा पक्ष्याच्या पोटात तेल भरून ठेवत. बशीतलं उतरलं की वरून आपोआप पाझरे. पुण्याच्या केळकर संग्रहालयात दिव्यांसमोर उभं राहिलं की पाय हलत नाही. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी ही सगळी मिळकत एकेक वस्तू करून जमवली आणि संग्रहालयाला नाव दिलं ते लहानपणी गेलेल्या मुलाचं, राजाचं. सासूबाई तिथे एका लामणदिव्यापाशी म्हणाल्या, "याला चिंच लावली की झालं." त्यांच्या तोंडून एवढी शिफारस मी दुसऱ्या कुठल्याच दिव्यासाठी ऐकलेली नाही.

लोंबता दिवा जेवणाच्या टेबलावर लावायचा तर टेबलापासून तीस ते छत्तीस इंच वर, असं सगळे सांगतात. सांगणाऱ्यांच्या घरी टेबल हलत नसावं. आपल्याकडे ते हलतं. सत्यनारायण आला, गौरी आल्या, बारसं आलं की टेबल भिंतीला जातं आणि मध्ये सतरंजी पडते. टेबलाची उंची अडीच फूट, त्यावर अडीच-तीन फूट. म्हणजे टेबल सरकवलं की दिवा जमिनीपासून पाच-साडेपाच फुटांवर, बरोब्बर माणसाच्या तोंडासमोर. माझ्या नणंदेकडे कोथरूडला असा तांब्याचा सुंदर घुमट आहे. तिच्या वास्तुशांतीला मोठे काका तीर्थ घ्यायला निघाले आणि वाटेत त्यांच्या कपाळाने त्या घुमटाचा जो नाद काढला, तो ऐकून गुरुजींनी चुकून शंख झाला असं समजून पुढचा मंत्र सुरू केला.

म्हणून मी दुधी काचेचा जुना, वरखाली होणारा दिवा शोधला. पूर्वी कचेऱ्यांत, घड्याळवाल्यांकडे असे असत. वायर कप्पीवरून फिरते आणि दुसऱ्या टोकाला चिनीमातीचं लंबगोल वजन असतं, आत शिशाच्या गोळ्या. गोळ्या कमी-जास्त करून दिवा तोलायचा. मग एका बोटाने तो हवा तिथे थांबतो. दुधी काच मी मुद्दाम घेतली. हल्ली कॅफेंतून उघडे दिवे टांगतात, आत तार लालबुंद, आणि समोरचा माणूस काय बोलतोय यापेक्षा त्याच्या डोक्यावरचा दिवाच डोळ्यांत जातो. पॉल हेनिंगसेन या डॅनिश माणसाने उभं आयुष्य दिव्यांच्या छत्र्या काढण्यात घालवलं, ते बल्ब डोळ्यांना दिसू नये एवढ्याचसाठी. जेवताना मला ते पटतं. बल्बवरून मात्र घरात मतदान झालं. मला २७०० केल्विनचा पिवळसर हवा होता, जुन्या बल्बसारखा. सासूबाईंना ट्यूबलाइटचा, ६५०० चा पांढराशुभ्र. त्यांची कसोटी एकच: "यात तांदूळ निवडता येतात का?" दिवा ताटलीपर्यंत खाली ओढून त्यांनी बघितलं. येत होते. खडाही सापडला.

हूक मात्र जुनाच, जेवणाच्या भागातला, पंख्याचा. तिथे पंखा आम्ही कधी लावलाच नव्हता. वायरमन म्हणाला, "ताई, चार किलोचा दिवा आहे, पण हूक बघून घेऊ." मग शिडी बाजूला सारून तो दोन्ही हातांनी हुकाला लोंबकळला. एक मिनिटभर. हॉलमध्ये आम्ही सगळे मान वर करून उभे. ग्वाल्हेरला हत्ती परवडले, आम्हाला साठ किलोचा वायरमन पुरला. उतरल्यावर त्याने हात झटकले आणि म्हणाला, "अजून एक झुंबर लावा, काही होत नाही." सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं.

आता पाहुणे येणार असले की दिवा वर सरकवून ठेवतो. मोठे काका तरीही टेबलापाशी आले की मान खाली घालूनच येतात. दिवा वर आहे, हे त्यांना दोनदा सांगून झालंय. नवीन पाहुण्यांना वाटतं, घरातली वडीलधारी माणसं किती नम्र आहेत.