अप्पांचा जिवंत डबा

कपिलधारला माणसं मन्मथस्वामींच्या समाधीपुढं माथा टेकायला येतात, पावसाळ्यात धबधब्याखाली भिजायला येतात. कार्तिकी पौर्णिमेला तर कर्नाटक, तेलंगणातूनही गर्दी लोटते. अप्पा त्या गर्दीत वीस लिटरचे मोकळे कॅन हुडकत फिरतात. दुकानातून नवी वस्तू आणणाऱ्याची त्यांना मनापासून कीव येते.

सध्या त्यांनी मरळ धरायचं मनावर घेतलंय. मरळ जिवंत आमिषावर तुटून पडते. परदेशात लोक कयाक नावाच्या निमुळत्या होडीत बसून गळ टाकतात आणि आमिषाचा डबा पाण्यातून मागं ओढत नेतात, असा व्हिडिओ भाच्यानं दाखवला. झालं! होडीचं ट्रकच्या ट्यूबवर भागलं. डब्याचं मात्र अजून भागलेलं नाही.

आधी खिळा तापवून कॅनला भोकं पाडली. कडा आतून धारदार राहिल्या, बारकी मासळी घासून घासून खवले सांडू लागली. अप्पा पॉलिश पेपर घेऊन रात्रभर बसले. मग मासळी कोपऱ्यात गर्दी करते म्हणून गोल डबा आला. काळा डबा उन्हात तापतो, तापल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून पांढरा आला. त्यावर ओलं पोतं. नळाचं पाणी बंद, त्यात क्लोरीन! शेवटी बॅटरीवरचा हवेचा पंप बसला आणि आत बुडबुडे सुटले, तेव्हा अप्पांनी शेजाऱ्यांना चहाला बोलावलं.

घरात अंडंही चालत नाही. "मासा घावलाच तर शिजवणार कुठं?" काकू विचारतात.

"शिजवायचाय कुणाला?" अप्पा चक्रावतात.

आमिष गळाला लावायची वेळ आली, की पंचाईतच. "हा नको रे, आता कुठं रुळलाय."

परवा पालीजवळ बिंदुसरा धरणावर चाचणी झाली. थर्माकोलच्या तराफ्यावरून जाळं सोडणारा एक भोई बराच वेळ डबा न्याहाळत होता.

"अप्पा, ही मासळी आणली कुठून?"

"इथूनच. धरणातून."

"मग डब्यात कशाला? खाली पाण्यात बरी होती की."

अप्पांचं लक्ष त्याच्या तराफ्यावर होतं.

"एवढा कोपरा मोडून द्या की हो," ते म्हणाले. "नव्या डब्याला तरंगायला काहीतरी लागतंय."